ब्लॅकमेल, खंडणी आणि हप्ता: एका स्कॉटिश शब्दाची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

कुठलाही संप घ्या. एसटीचा असो, निवासी डॉक्टरांचा असो, अंगणवाडी ताईंचा असो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी माईकसमोर येऊन म्हणतंच, "सरकारला ब्लॅकमेल करण्याचा हा प्रकार आहे." सरकार बदलतं, माईकसमोरचा माणूस बदलतो, वाक्य तेच राहतं. मला या वाक्याचा राग यायचा, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता यायचं नाही. मग एकदा हा शब्द आला कुठून ते शोधत गेलो आणि थेट स्कॉटलंडच्या सरहद्दीवर पोचलो. तिथून परत येताना वाटेत सातारा, पुणे आणि जालना लागलं. ते कसं, तेच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ब्लॅकमेलमधला 'मेल' टपालाचा नाही. काळ्या शाईतलं धमकीचं पत्र, किंवा निनावी पाकीट, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बहुतेकांना वाटतं. टपालाचा मेल जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ पिशवी. हा दुसरा मेल स्कॉट लोकांचा, त्याचं मूळ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत, आणि तिथे त्याचा अर्थ बोलणं, ठरवणं, करार. स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ झाला जमिनीचं भाडं. कुळ मालकाला वर्षाला जे ठरवून देतं ते मेल. कुरणाचं भाडं 'ग्रासमेल'. अगदी साधा, शेतावरचा शब्द.

आता आपल्याकडे बघा. "यंदा शेत खंडानं दिलंय" हे वाक्य अजूनही गावात ऐकू येतं. पीक किती का येईना, मालकाला ठरलेला आकडा द्यायचा, तो खंड. खंडणे म्हणजे तोडून टाकणे, आणि भावाच्या बाबतीत एकदाचं ठरवून टाकणे. त्याच घरातला शब्द खंडणी. म्हणजे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्यानं आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यानं, एकमेकांचं तोंड न बघता, 'ठरवून दिलेलं भाडं' या एकाच अर्थापासून निघून गुंडाच्या वसुलीपर्यंतचा प्रवास केला. आणि 'हप्ता'? फारसीत नुसता आठवडा. आज बँकेचाही हप्ता असतो आणि नाक्यावरच्या दादाचाही. मला यात योगायोग वाटत नाही. ज्याला नियमित छळायचं असतं तो आपल्या वसुलीला नियमित देण्याचंच नाव देतो. घेणाऱ्यालाही बरं वाटतं आणि देणाऱ्याचीही लाज थोडी झाकली जाते.

मग त्या मेलच्या मागे 'ब्लॅक' का लागलं? दोन उत्तरं दिली जातात. एक असं, की चांदीच्या नाण्यांत दिलेलं भाडं ते पांढरं आणि गुरं, धान्य, अशा वस्तूंत दिलेलं ते काळं. दुसरं सरळ, की हे भाडं वाईट, बेकायदा, म्हणून काळं. मला दुसरं जास्त पटतं. काळा पैसा, काळा बाजार म्हणणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

आता ती सरहद्द. इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन वेगळी राज्यं होती आणि तेराव्या शतकाच्या शेवटापासून तीनशे वर्षं त्यांची अधूनमधून लढाई चालायची. प्रत्येक वेळी सैन्य जायचं-यायचं ते याच पट्ट्यातून. उभं पीक जाळलं जायचं. त्यात काही खोऱ्यांमध्ये बापाच्या जमिनीच्या सगळ्या मुलांत वाटण्या, त्यामुळे दोन पिढ्यांत कुणाकडेच पोटापुरतं रान उरायचं नाही. (आपल्याला हेही समजावून सांगायला नको.) अशा ठिकाणी शेती करण्यात अर्थ नव्हता, गुरं पळवण्यात होता. ती हाकून नेता येतात. आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहम, केर, निक्सन, स्कॉट ही तिथली भावकी. यांना 'रीव्हर' म्हणत, म्हणजे लुटारू. सुगी संपली, रात्री मोठ्या झाल्या, जनावरं अंगानं भरली, की यांचा हंगाम सुरू. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघणाऱ्यांच्या वंशजांना हेही वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

गुरं चोरीला गेली तर मालकाला सहा दिवसांच्या आत सरहद्द ओलांडून पाठलाग करायचा कायदेशीर हक्क होता. भाल्याच्या टोकाला जळता गवताचा ढेकूळ लावून जायचं, म्हणजे सगळ्यांना कळावं की हे चोर नाहीत, चोराच्या मागावर आहेत. पण असा पाठलाग करायला घोडे लागतात, माणसं लागतात. गरिबाकडे ती नसतात. मग त्याच्याकडे एकच वाट. जवळच्या बलदंड घराण्याला वर्षाला काही गुरं, काही धान्य, जमलं तर पैसे द्यायचे. बदल्यात ते तुमची गुरं चोरणार नाहीत, आणि दुसऱ्या कुणी चोरली तर परत आणून देतील. हे ब्लॅकमेल. यात गुपित नाही, फोटो नाही, पत्र नाही. उघड्यावरचा व्यवहार, सगळ्या गावाला माहीत.

१५३० साली स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स या लोकांवर उठला. टशिलॉचा अ‍ॅडम स्कॉट नावाचा एक जमीनदार, लोक त्याला चोरांचा राजा म्हणायचे, त्याच्यावर त्या वर्षी एडिंबरात खटला चालला. गुन्हा कुठला, तर ब्लॅकमेल घेणं. मुंडकं उडवलं. त्याच उन्हाळ्यात जॉनी आर्मस्ट्राँगला साथीदारांसह झाडांना लटकावलं. त्याच्यावर पुढे पोवाडे झाले. लोक लुटारूंवर पोवाडे का करतात हा वेगळा विषय, पुन्हा कधीतरी.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते १६०१ च्या इंग्लिश कायद्यानं. एलिझाबेथ राणीच्या शेवटच्या दिवसांतला. कंबरलँड, नॉर्थंबरलँड, वेस्टमोरलँड आणि डरहॅम या उत्तरेकडच्या मुलखासाठी केलेला. त्यात ब्लॅकमेल घेणाऱ्याला मृत्युदंड आहे, ते ठीक. पण देणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे ज्या शेतकऱ्याला राणीची फौज वाचवू शकत नव्हती, त्यानं स्वतःला वाचवण्यासाठी चार पोती धान्य दिलं तर राणी त्याला फाशी देणार. सरकारी तर्क समजतो. देणारे थांबले की घेणारे उपाशी मरतील. फक्त मधल्या काळात देणाऱ्याचं गोठं कोण राखणार, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षांनी, १६०३ मध्ये, स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला. सरहद्दच उरली नाही. मग घराणीच्या घराणी लटकावली गेली, ग्रॅहमांना उचलून आयर्लंडला टाकलं आणि तिथला धंदा बसला.

पण शब्द मेला नाही. तो उत्तरेला डोंगरात, हायलँडमध्ये, चालत राहिला. तिथला प्रसिद्ध माणूस रॉब रॉय मॅकग्रेगर, १६७१ ते १७३४. त्यानं या कामाला चक्क कंपनीसारखं रूप दिलं. 'वॉच' म्हणजे राखण. जमीनदारांनी वर्गणी भरायची, रॉब रॉयची माणसं गुरांची राखण करणार. आणि जो भरणार नाही त्याची गुरं कुणास ठाऊक कशी, पण रात्रीत नाहीशी व्हायची. पुढे त्याच्या पुतण्यानं १७४१ साली जमीनदारांशी केलेला लेखी करार प्रसिद्ध आहे. गुरं गेली तर सहा महिन्यांत शोधून देऊ, नाही तर किंमत भरून देऊ, किरकोळ चोऱ्या यात धरलेल्या नाहीत. आजच्या विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत जे असतं तेच. सह्या झालेला, साक्षीदार असलेला ब्लॅकमेलचा करार! सरकारनंही काय केलं बघा. १७२५ पासून डोंगरात राखण ठेवायला हायलँडर लोकांच्याच तुकड्या उभ्या केल्या आणि १७३९ मध्ये त्यांची पलटण केली. तिचं नाव ब्लॅक वॉच. काम तेच, राखण. फक्त पगार राजाकडून.

वॉल्टर स्कॉटनं 'वेव्हर्ली' आणि 'रॉब रॉय' या कादंबऱ्यांत हे सगळं घातलं आणि हा गावठी शब्द सगळ्या इंग्रजी वाचणाऱ्या जगात गेला. १८१४ आणि १८१७. ही सालं लक्षात ठेवा, कारण १८१८ मध्ये आपली पेशवाई बुडाली, आणि ती बुडवणारे कोण होते?

बाजीराव दुसऱ्याची शरणागती घेतली जॉन माल्कमनं. पुढे हा मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याचा जन्म लँगहोम गावाजवळचा, एस्क नदीच्या खोऱ्यातला. हे खोरं म्हणजे आर्मस्ट्राँगांचा बालेकिल्ला. जॉनी आर्मस्ट्राँगचं गाव तिथून अगदी जवळ. लँगहोमवरच्या टेकडीवर माल्कमच्या स्मरणार्थ उभारलेला मोठा दगडी स्तंभ आजही आहे. (याच लँगहोमनं १९७२ मध्ये चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगला बोलावून मानद नागरिक केलं. लुटारूंच्या भावकीतलं पोरगं केवढं पुढे गेलं!) माल्कमच्या आधीचा गव्हर्नर एल्फिन्स्टन, तोही स्कॉट, डंबार्टनशरचा, म्हणजे रॉब रॉयच्या टापूतलाच. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ स्कॉटलंडच्या बॅन्फ गावचा. आणि १८०३ च्या असईच्या लढाईत, आपल्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या तोफांसमोर चालत गेलेल्या पलटणींत दोन हायलँडरांच्या होत्या, ७४ वी आणि ७८ वी.

तर हे लोक इथे आले, त्यांनी आपली चौथाई बघितली आणि ते म्हणाले, अरे, हे तर आमच्याकडचं ब्लॅकमेल! 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा मोठा कोश १८८६ साली निघाला. त्याचा एक कर्ता हेन्री यूल, एडिंबराजवळचा. त्यात चौथाईचा अर्थ मराठ्यांनी लुटीपासून मुभा देण्यासाठी सुभेदारांकडून उकळलेलं ब्लॅकमेल असाच दिलाय.

हे वाचून आपल्याला राग येतो. मलाही आधी आला. मग जरा थांबलो. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, वर सरदेशमुखीचे दहा टक्के. १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाच्या सनदेनं दख्खनच्या सहा सुभ्यांवरचा हा हक्क शाहू महाराजांना कायदेशीर मिळाला. त्याच्या आधीही दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजाला चौथाई देत होते, म्हणजे ही रीत आपण शोधलेली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी तर म्हटलंय की चौथाई आणि वेलस्लीची तैनाती फौज यांचं तत्त्व एकच. फौज आमची, खर्च तुमचा, बदल्यात संरक्षण. रानड्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. इंग्रजांनी आपल्या वसुलीला 'सब्सिडी' म्हटलं आणि आपल्या वसुलीला 'ब्लॅकमेल'. फरक व्यवहारात नव्हता, कोश कोण लिहितंय त्यात होता. आणि माल्कमनं बाजीरावाला गादी सोडण्याबद्दल वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरवून दिला. त्याला काय म्हणायचं ते यूलसाहेबांच्या कोशात मला सापडलं नाही.

पण रानड्यांचं वाक्य टाळ्या घेऊन संपत नाही. बंगालमध्ये आजही आया पोरांना निजवताना बर्ग्यांची भीती घालतात, हे बंगाली मित्रांना विचारा. ते बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे आपले घोडेस्वार. १७५१ मध्ये अलिवर्दी खानानं वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबले. शाळेच्या पुस्तकात आपण 'खंडणी वसूल केली' हे छाती फुगवून वाचतो आणि त्याच संध्याकाळी बातमीत 'खंडणीखोर' ऐकून हळहळतो. शब्द एकच आहे. घोड्यावर बसून बघितलं की कर दिसतो, गोठ्यात उभं राहून बघितलं की छळ. एस्कच्या खोऱ्यातल्या म्हातारीला आणि वर्धमानच्या विणकराला हे एकमेकांना समजावून सांगायला दुभाषा लागला नसता.

पुढे एकोणिसाव्या शतकात शहरं वाढली, वर्तमानपत्रं आली, अब्रू ही विकत घेता-विकता येणारी वस्तू झाली. गुरांची जागा गुपितांनी घेतली. ब्लॅकमेल म्हणजे "पैसे दे, नाहीतर सांगेन" हा आजचा अर्थ तेव्हाचा. गंमत म्हणजे स्कॉटलंडच्या कायद्यात ब्लॅकमेल नावाचा गुन्हाच नाही. तिथे त्याला सरळ जबरी वसुली म्हणतात. शब्द त्यांचा, पण कायद्यात घातला इंग्लंडनं, १९६८ च्या चोरीच्या कायद्यात, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवून. आपल्याकडेही १८६० च्या दंड संहितेत ब्लॅकमेल हा वेगळा गुन्हा नव्हता. ३८३-३८४ कलमं होती खंडणीची. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०८. शिक्षा तीनवरून सात वर्षांपर्यंत गेलीय. यात 'इजा' म्हणजे शरीर, मन, अब्रू आणि मालमत्ता, चारही. त्यामुळे अब्रूची धमकी देऊन पैसे मागणं हीसुद्धा कायद्यानं खंडणीच.

हे मला पुस्तकातून नाही, पोलिस ठाण्यात कळलं. ओळखीतले एक निवृत्त शिक्षक. रात्री अनोळखी व्हिडिओ कॉल आला, पाच-सात सेकंदांचा, आणि मग त्यांचाच चेहरा चिकटवलेली घाणेरडी क्लिप. पैसे पाठवा, नाहीतर सगळ्या विद्यार्थ्यांना जाईल. त्यांनी दोनदा पाठवले. तिसऱ्यांदा मागितल्यावर घरी सांगितलं, मग आम्ही तिघं गेलो. तक्रार टाईप करणाऱ्यानं वर 'खंडणी' लिहिलं. सर एकदम म्हणाले, "अहो खंडणी कसली, मी काय बिल्डर आहे का?" सगळे हसले, तेही हसले. मग हळूच त्यांनी विचारलं, "मी दोनदा पैसे दिलेत. म्हणजे माझ्यावर पण काही येईल का?"

तेव्हा मला १६०१ चा तो कायदा माहीत नव्हता. नंतर वाचला तेव्हा सरांचाच चेहरा समोर आला. देणाऱ्याला फाशी द्यायचा कायदा कधीच गेला, पण देणाऱ्याच्या मनातून तो गेलेला नाही. म्हणून माणसं लपवतात, कर्ज काढून देत राहतात, काही जीव देतात. तर जे वाचतायत त्यांच्यासाठी साधं सांगतो. आज आपल्या कायद्यात असे पैसे दिल्याचा गुन्हा तुमच्यावर लागत नाही, घेणाऱ्यावर लागतो. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि तिसऱ्यांदा मागायची वाट बघू नका.

आता तो माईकसमोरचा माणूस. रीव्हरांचं ब्लॅकमेल आणि आजचं, दोन्हीत एक गोष्ट समान आहे. धोका जो निर्माण करतो तोच संरक्षण विकतो, आणि मागतो ते त्याच्या हक्काचं नसतं. नोटीस देऊन, स्वतःचं काम थांबवून, थकलेला पगार मागणारा कंडक्टर यात कुठे बसतो? तो कुणाची गुरं हाकून नेत नाहीये. २०२१-२२ चा एसटीचा संप साडेपाच महिने चालला. त्यात खेड्यातल्या पोरींच्या शाळा बुडाल्या, म्हाताऱ्यांचे दवाखाने बुडाले, हे मी बघितलंय. संप चुकला म्हणा, लांबला म्हणा, पुढाऱ्यांनी वापरून घेतला म्हणा, सगळं म्हणा. डॉक्टरांनी अतिदक्षता विभाग सोडून जाऊ नये असं माझंही ठाम मत आहे. पण तो ब्लॅकमेल नाही. हा शब्द कमजोरावर घोडा घालणाऱ्यासाठी बनला होता आणि तो कमजोराच्याच अंगावर फेकला जातोय.

खरा जुना, स्कॉटिश अर्थाचा ब्लॅकमेल बघायचा असेल तर नवा प्रकल्प सुरू झालाय अशा कुठल्याही तालुक्यात जा. माल आमच्याच डंपरनं, पोरं आमचीच, सुरक्षेचं कंत्राट आमच्याच माणसाला, नाहीतर रस्ता बंद. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली, त्या खटल्यात पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी हाच मुख्य धागा आहे. खटला चालू आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण 'सुरक्षेचं कंत्राट' हे शब्द ऐकले की मला आता रॉब रॉयची 'वॉच' आठवते.

एक मदत हवीय. माझ्या भागात शेत 'खंडानं' देतात. तुमच्याकडे याला काय म्हणतात? विदर्भात, मराठवाड्यात, तळकोकणात वेगळे शब्द असणार. आणि दादाला द्यायच्या पैशाला 'हप्ता' सोडून गावाकडे आणखी कुठला शब्द असेल तर तोही लिहा, मी गोळा करतोय. कुणाचं नाव मात्र घालू नका.